तीस ठिपक्यांचं वर्तुळ

“ताई, तुमच्या ताऱ्याभोवतीचं ते वर्तुळ कुणी काढलं होतं हो?” शेजारणीनं जिन्यात, मागून, अगदी सहज विचारलं, आणि पायरीच्या मध्यावर पडायचा, पुढे चढणाऱ्या ताईंचा पाय कडेवर पडला. कठड्याला धरून तिनं तोल सावरला. “कुठलं वर्तुळ?” असं म्हणत ती वर चढत राहिली खरी, पण कुठलं ते तिला विचारायच्या आधीच कळलं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. मग ज्यांचं पोटच चांदण्यावर चालतं त्यांनी चोरी ओळखायची तरी कशी, असा एक वाह्यात विचार तिच्या डोक्यात येऊन गेला, आणि तशातही तिला हसू आलं. शेजारीण म्हणजे घराशेजारची नव्हे. संस्थेत तिच्या शेजारच्या खोलीत बसणारी, तिच्याहून वीस वर्षांनी लहान, नव्या दुर्बिणीची चित्रं साफ करण्यात तरबेज. घरी दोन वर्षांची मुलगी, त्यामुळे ही बाई कायम एका हातात पिशवी आणि दुसऱ्या हातात अर्धवट खाल्लेलं काहीतरी घेऊन धावत असायची, आणि प्रश्नही धावता धावताच विचारायची. “अहो, ते तीस ठिपक्यांचं,” ती म्हणाली. “जुन्या फायलीत आहे. येते दाखवायला. आधी पंखा लावते, जीव जातोय नुसता.” आणि ती आपल्या खोलीत शिरली.

इकडे स्वतःच्या खोलीत येऊन तिनं पर्स टेबलावर ठेवली, मग खुर्चीवर ठेवली, मग परत टेबलावर ठेवली. भिंतीवर तो तारा होताच. बावीस वर्षांपूर्वी छापलेलं, आता कडांनी पिवळं पडलेलं चित्र. संस्थेत त्याला ‘बाईंचा एकटा’ म्हणत, आणि ती कुठे परक्या शहरात व्याख्यानाला गेली की तिथलेही लोक म्हणत, “हां हां, एकट्या ताऱ्याच्या त्या तुम्हीच का?” तारे एकेकटे जन्मत नाहीत हे आता शाळेतली पोरंही सांगतात. रेणूंच्या वायूचे मोठमोठे ढग असतात, इतके थंड की आपल्या थंडीला तिथं कुणी थंडी म्हणणार नाही. त्यात कुठेतरी वायू जरा जास्त जमतो, जमला की स्वतःच्याच वजनानं आत कोसळायला लागतो, कोसळताना त्याचे तुकडे पडतात, आणि एकेका ढगातून ताऱ्यांचा सगळा घोळकाच बाहेर येतो. सूर्याच्या वीस-तीस पट वजनाचे थोर तारे दाट गर्दीत जन्मतात. सूर्याएवढे किंवा त्याहून लहान, त्यांचं काही खरं नाही, ते चार-पाचांच्या सैल टोळीतही सापडतात. प्रश्न होता मधल्यांचा. सूर्याच्या दुपटीपासून आठपटीपर्यंत वजनाचे, ना धड थोर ना धड धाकटे. त्यांच्याभोवती गर्दी किती, आणि ती नेमकी कितव्या वजनापासून सुरू होते? असे अकरा तारे तिनं निवडले होते. दहांभोवती कमीजास्त घोळका निघाला. अकरावा, सूर्याच्या चौपट वजनाचा, चक्क एकटा. भोवती कुणी नाही. म्हणजे मधल्या वजनाचा तारा कुणाच्या सोबतीशिवायही घडू शकतो, असं तिनं लिहिलं. लोकांनी आधी नाकं मुरडली, मग मान्य केलं, आणि त्या एका ओळीवर तिचं नाव झालं. बाकी आयुष्यभर तिनं पुष्कळ काम केलं, पण नाव त्याच ओळीवर राहिलं.

ते वर्तुळ तिनंच काढलं होतं. अकरावा तारा सगळ्यांत जवळचा, त्यामुळे चित्रात त्याचा उजेड भोवती सांडला होता, ओट्यावर दूध उतू जावं तसा. आणि त्या सांडलेल्या उजेडात मंद तारे असले तरी दिसायचे नाहीत. तेव्हा तेवढी जागा मोजणीतून वगळायची म्हणून तिनं मध्यापासून तीस ठिपके, म्हणजे चित्राचे तीस पिक्सेल, अंतरावर एक वर्तुळ मारलं. इथवर सगळं रीतसर होतं, कुणीही हेच केलं असतं. पण मोजणीचा जुना प्रोग्राम मोठा हट्टी. कुठली जागा कोरी सोडली की तो अडून बसायचा, पुढे म्हणून सरकायचा नाही. प्रोग्रामवाला माणूस लग्नासाठी रजेवर, शोधनिबंध पाठवायची मुदत तोंडावर, बाहेर दुपारचं ऊन, कपातला चहा गार. हे सगळं तिला आता इतकं स्वच्छ आठवलं की त्या गार चहाची सायसुद्धा जिभेला लागली. तिनं कोऱ्या जागेत शून्य भरलं. प्रोग्राम खूश झाला, सुरळीत चालला, बेरीज झाली, भागाकार झाला, आणि जिथं बघितलंच नव्हतं तिथं कुणीच नाही असं उत्तर आलं. दुसऱ्या दहांची वर्तुळं एवढीएवढीशी होती, त्यांना फरक पडला नाही. वहीच्या कडेला तिनं तेव्हा लिहूनही ठेवलं होतं: ‘शून्य तात्पुरतं. नंतर बघू.’ नंतर ती विसरली की विसरायचं ठरवलं, हे मात्र तिला सांगता येईना. माणूस नेमकं काय विसरतो आणि काय विसरल्यासारखं करतो यातली सीमारेषा चित्रात दाखवता आली असती तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

शेजारीण आली ती एका हातात बिस्किट आणि दुसऱ्या हातात कागद घेऊन. बसली नाही. “हे बघा. नव्या दुर्बिणीचं चित्र आहे. मी ताऱ्याचा उजेड वजा केला, जमतं आता ते बऱ्यापैकी. तर आत आहेत, ताई.”

“किती?”

हा शब्द तिच्या तोंडून असा काही सुटला की तिचं तिलाच नवल वाटलं. घाबरायला हवं होतं, निदान वाईट वाटायला हवं होतं. ते सगळं मागून येत होतंही. पण पहिला धावत पुढे आला तो हा प्रश्न, लहान मुलासारखा, अनवाणी.

“नीट मोजले नाहीत अजून. दहाच्या वर नक्की. पंधराही असतील.” शेजारणीनं बिस्किटाचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. “आज पाचपर्यंत मला निबंध पाठवायचाय. त्यात तुमच्या आकड्याबद्दल एक वाक्य येणारच, ते टाळता येत नाही. मी लिहिलंय, ‘तत्कालीन निरीक्षणांच्या मर्यादेमुळे.’ चालेल ना? म्हणजे वर्तुळाचा, शून्याचा विषयच नको. कोण बसलंय बावीस वर्षांपूर्वीच्या फायली उघडायला?”

“तू बसलीस की.”

“मी काय, मी रिकामटेकडी!” शेजारीण हसली, मग हलकेच म्हणाली, “तुम्हीच सांगा. तुम्ही म्हणाल तसं लिहीन.”

“चालेल. मर्यादाच लिही,” ती म्हणाली. कागद टेबलावर ठेवून शेजारीण गेली. मर्यादा. किती भारदस्त शब्द. दुर्बीण लहान होती, काळ जुना होता, आम्ही बापडे काय करणार. झाकली मूठ सव्वा लाखाची. आणि खोटं तरी कुठं होतं त्यात? तरी कागदाकडे बघायचा तिला धीर होईना, आणि न बघताही राहवेना. तिनं तो उलटा करून ठेवला.

या एकट्या ताऱ्यावर ती व्याख्यान द्यायची, ते लोकांना फार आवडायचं. शाळांत, वाचनालयांत, एकदा तर बँकेच्या कर्मचाऱ्यांपुढेसुद्धा. त्यात शेवटी ती स्वतःचं सांगायची, आणि ते ठरलेलं असायचं. दोन खोल्यांचं घर. त्यातली एक आईच्या शिवणकामाची, त्यामुळे माणसांना एकच. पाच भावंडं, मी मधली. वडील बसच्या कारखान्यात. आमच्या घरात आकाशाकडे बघायला कुणाला सवड नव्हती, मी एकटीच संध्याकाळी दिव्याखाली बसायचे. मग पडद्यावर तिच्या बाराव्या वर्षाच्या वहीचं पान यायचं, गणितं, ग्रहांच्या आकृत्या, कोपऱ्यात शाईचा अंगठा उमटलेला. “हा माझा अंगठा,” ती म्हणायची, “तेव्हा शाईपेनं गळायची.” लोक हसायचे. मग ती म्हणायची, “काही तारे असेही असतात, ज्यांना कुणी लागत नाही.” टाळ्या. यात खोटं बोलतोय असं तिला कधीच वाटलं नव्हतं. डोळे मिटले की तिला तेच दिसायचं: टेबल, टेबलावर पिवळ्या उजेडाचा एक गोल, त्यात वही, वहीवर तिचा हात. गोलाच्या बाहेर काळोख. एकदा अक्का, तिची मोठी बहीण, व्याख्यानाला आली होती. तिसऱ्या रांगेत बसली होती, मांडीवर पिशवी घेऊन. संपल्यावर म्हणाली, “छान बोललीस. आवाज जरा चढव, मागं ऐकू येत नाही.” मग बसमध्ये पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. अक्का एरवी बसमध्ये गप्प बसणारी नव्हे. शेजारच्या अनोळखी बाईच्या सुनेची चौकशी करून मोकळी होणारी. त्या दिवशी तिचं डोकं दुखत असेल असं समजून तिनं ते सोडून दिलं होतं. आज इतक्या वर्षांनी तिला ती खिडकीकडे वळलेली मान आठवली.

जेवणाच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला. तो दातांचा डॉक्टर. दोन रुग्णांच्या मधल्या पाच मिनिटांत फोन करायचा आणि घास चावत बोलायचा, म्हणजे दातांवर त्याचा विश्वास आहे हे तरी कळायचं. तिनं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो म्हणेल, जाऊ दे, बावीस वर्षं झाली. तो म्हणाला, “आमच्याकडेही असतं हे. चांदी भरलेला दात फोटोत पांढराफेक येतो, आजूबाजूचं काही दिसत नाही. तिथं कीड नाही असं मी कधी लिहीत नाही. दिसत नाही, असं लिहितो. तू काय लिहिलं होतंस?”

“शून्य.”

पलीकडे चावणं थांबलं. “अरेरे,” तो म्हणाला. मग, “बरं, पण आहेत किती?”

“तुलाही तेच पडलंय?”

“मग काय पडणार? चूक तर झालीच आहे, ती काही आता पळून जात नाही. किती आहेत ते बघ आधी. चल, अक्कलदाढ आलीय एक.” आणि फोन ठेवला.

तिनं दार लोटून घेतलं, कागद सरळ केला, आणि मग कागदानं भागेना म्हणून शेजारणीची फाईल पडद्यावर उघडली. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही. उजेड वजा केलेल्या जागी नुसती करडी रवाळ पार्श्वभूमी. डोळ्यांना सवय व्हायला वेळ लागतो. सिनेमागृहात उशिरा शिरलेल्या माणसाला रिकाम्या खुर्च्या आधी दिसत नाहीत आणि बसलेली माणसं त्याहून नाहीत, तसं. मग एक दिसला. त्याच्या खाली दुसरा, जरा तांबूस, धुळीत अर्धा बुडालेला. मग एकदम चार. ती पुढे झुकली. बोट पडद्यावर ठेवून मोजायची तिची जुनी सवय, त्यावरून प्रोग्रामवाला ओरडायचा, काच खराब होते म्हणून. पाच, सहा, सात. काही इतके मंद की बघितल्यावर नाहीसे व्हायचे आणि नजर जरा बाजूला नेली की परत यायचे. आठ, नऊ. तिला आपण खुशीत आहोत हे कळून जरा लाजल्यासारखं झालं. आपलं बावीस वर्षांचं नाव बोटाबोटानं पुसलं जातंय आणि आपण पुढचा कुठं आहे म्हणून मान लांब करतोय. पण हे सगळे होते! ती तीस-एकतीस वर्षांची, चहा गार होत असताना, घाईनं वर्तुळ मारत होती तेव्हाही ते होतेच, आतल्या आत, एकमेकांना खेचत. आणि हे खेचणंच तर मुद्द्याचं. मधला तारा जड कसा झाला, यावर लोक अजून भांडतात. पण त्यातल्या काहींचं म्हणणं असं की तो जन्मतःच मोठा नसतो. घोळक्यातल्या सगळ्यांच्या एकत्रित वजनानं भोवतालचा वायू मध्याकडे ओढला जातो, आणि मध्यावर जो बसलेला असतो त्याच्या वाट्याला त्यातला मोठा हिस्सा जातो. ओढतात सगळे, वाढतो एक. कडेचे लहानच राहतात. हे तिला तोंडपाठ होतं. विद्यार्थ्यांना कितीदा शिकवलं होतं. फक्त आपल्या ताऱ्याला ते लागू नाही, असं ती धरून चालली होती. तिचं बोट पडद्यावर थांबलं. टेबलावरचा तो पिवळा गोल तिच्या डोळ्यांपुढे आला आणि त्याच्या बाहेर काय होतं, हा प्रश्न तिला जन्मात पहिल्यांदा पडला. काळोख होता असं तिला आठवत होतं. पण तो तिनं बघितला होता, की नुसता भरून ठेवला होता?

तिनं चिमीला फोन लावला. चिमी म्हणजे सगळ्यांत धाकटी बहीण, तिच्याहून सहा वर्षांनी लहान, शाळेच्या कार्यालयात कारकून. मागं मुलांचा गलका ऐकू येत होता.

“चिमे, आपल्या घरी टेबलावर दिवा होता, आठवतो?”

“कागदाची टोपी घातलेला? न आठवायला काय झालं, ती टोपी अक्कानं केली होती. तू तक्रार करायचीस ना, उजेड डोळ्यांवर येतो, वहीवर पडत नाही. म्हणून तिनं वर्तमानपत्र गुंडाळलं. का गं? बरी आहेस ना?”

“बरी आहे. मी अभ्यासाला बसायचे तेव्हा तुम्ही सगळे कुठे असायचात?”

“कुठे म्हणजे?” चिमी हसायला लागली. “तिथेच! जाणार कुठे, खोली एकच होती. तू शिष्यवृत्तीला बसलीस ना, त्या वर्षी तर रात्री नऊच्या आत कुणी तोंड उघडायचं नाही असा दादाचा कायदा होता. माझ्या वरच्या भावाला गप्प बसवत नसे, म्हणून दादा त्याला मांडीत दाबून बसायचा. अक्का काजं करायची, अंधारातच, हातानं चाचपून. दिवा तुझ्याकडे. सुई टोचली की ‘स्स’ करायची आणि दादा तिलाही डोळे वटारायचा.”

“आणि तू?”

“मी पान धरायचे. ती खिडकी मेली लागायची नाही, वारा आला की तुझी वही फडफडायची आणि तू चिडायचीस. मग दादानं मला कामाला लावलं, कोपऱ्यावर अंगठा ठेवून बस, हलायचं नाही. तुझी शाई ओली असायची, अंगठा निळा व्हायचा. शाळेत बाई विचारायच्या, हे काय?” मागं कुणीतरी घंटा दिली. “तू कधी बघितलं नसशील. तू अभ्यासात असायचीस ना.”

चिमी हे रागानं म्हणत नव्हती. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, भांडता आलं असतं. तिनं कसाबसा फोन ठेवला आणि कपाटातून वही काढली, व्याख्यानांना नेऊन नेऊन बांधणी सुटलेली ती. पान उघडलं. खालच्या उजव्या कोपऱ्यात निळा अंगठा. पुढच्या पानावर अंगठा. त्याच्या पुढच्या पानावर. तिनं आपला अंगठा शेजारी ठेवला. बाराव्या वर्षीही तिचा अंगठा इतका लहान असणं शक्य नव्हतं. हा सहा वर्षांच्या मुलीचा अंगठा होता, नखाएवढा. शेकडो लोकांना तिनं तो पडद्यावर हातभर मोठा करून दाखवला होता. अक्कानंही तो तिसऱ्या रांगेतून बघितला होता, आणि आवाज जरा चढव म्हणाली होती. तिला रडू आलं. शरमेनं आलं, आणि शरमेच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटत होतं, इतकी माणसं होती म्हणून.

डोळे पुसून तिनं पडद्यावरचे उरलेले तारे मोजले, तेव्हा पाचाला वीस मिनिटं होती. शेजारणीच्या खोलीत पंखा भरधाव फिरत होता, आणि ती एका हातानं कागद दाबून धरत दुसऱ्या हातानं टाइप करत होती.

“मर्यादा खोड,” ती दारातूनच म्हणाली. “चूक लिही. न बघितलेल्या जागी शून्य भरलं, असं स्पष्ट लिही. खाली तळटीप टाक, ही चूक मूळ लेखिकेनं स्वतः मान्य केली आहे, आणि माझं नाव घाल.”

शेजारणीनं वर बघितलं. ताईंचे डोळे लाल आहेत हे तिला दिसलं असणार, पण ती शहाणी होती. “लोक बोलतील, ताई.”

“बोलू देत. व्याख्यानही बदलायचंय मला, तेवढाच मसाला होईल. तुझे किती आले?”

“सोळा.”

“माझे सतरा. डावीकडे खाली तो लांबट आहे बघ, कडेला. तो एक नाही, दोन आहेत, चिकटून.”

“कुठे? मला एकच वाटला.” शेजारणीनं कागद उचलला, तसा पंख्याच्या वाऱ्यानं तो उलटला, परत उलटला. “शी! थांबा, बंद करते हा पंखा.”

“राहू दे, उकडतंय तुला,” ती म्हणाली. स्टूल ओढून ती टेबलाच्या कडेला बसली, पडद्याच्या उजेडाच्या जरा बाहेर, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यावर तिनं अंगठा ठेवला. “तू मोज. पान मी धरते.”